पिकवणारं कोण

कौस्तुभने लॅपटॉप साजिदाकडे वळवला आणि स्क्रीनवर एका जागी बोट ठेवलं.

महिन्यापूर्वी तो हिंजवडीहून पौडला आला, तेव्हा साजिदा इनामदारने त्याला एकच काम सांगितलं होतं. कोळवणच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ ती वेबसाइटवरून विकत होती. लोक साइटवर यायचे, पण न घेताच निघून जायचे. ते नेमके कुठून जातात, तेवढं तिला कळायला हवं होतं. कौस्तुभने साइटला ट्रॅकिंग जोडून दिलं. कोण कुठल्या पानावर गेलं, किती वेळ थांबलं, सगळं नोंदलं जाऊ लागलं.

आता ते समोर होतं. लोक तांदळाचे फोटो बघत होते, पाच किलोची पिशवी निवडत होते. मग ‘पिकवणारं कोण’ या पानावर जात होते. तिथे गुडघाभर चिखलात उभी साजिदा, हातात रोपांची मूठ, खाली तिचं नाव. त्या पानावर आलेल्या दहांतले सात तिथूनच साइट बंद करत होते.

फोटो उघडायला वेळ लागतो का, साजिदाने विचारलं. लगेच उघडतो, तो म्हणाला. मग अक्षरं बारीक असतील. तीही त्याने मोठी करून पाहिली होती. मग तिची नजर फोटोखालच्या आपल्या नावावर गेली.

“नुसतं ‘इनामदार राइस’ ठेवू या, मॅडम,” कौस्तुभ चाचरत म्हणाला. “हे आडनाव आमच्यातही असतं. पुढचं नाव आणि फोटो काढला की झालं.” फोटो हवाच असेल तर अनसूयाबाईंचा लावता येईल, असंही त्याने सुचवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. साइट चालावी, एवढंच त्याला वाटत होतं.

शेजारी पिशव्या शिवत बसलेल्या अनसूयाबाईंनी मशीन थांबवलं.

“माझा फोटू नगं. चिखलात ह्या व्हत्या. मी हितं सावलीत बसून पिशव्या शिवतीय.”

साजिदा रस्त्याच्या कडेला टेबल मांडून तांदूळ विकायची, तेव्हाही नाव ऐकून हातातली पिशवी खाली ठेवणारी माणसं तिने पाहिली होती. तेव्हा निदान त्यांचे चेहरे दिसायचे.

“आडनाव चालतं, माणूस चालत नाही,” ती म्हणाली. “फोटो पहिल्या पानावर घ्या. सगळ्यात वर.”

विक्री आणखी पडेल, कौस्तुभने समजावून पाहिलं.

“पडू दे. ज्याला जायचंय त्यानं दारातूनच जावं. आत येऊन तांदूळ चिवडून नको.”

त्याने फोटो वर घेतला. नाव पूर्ण लिहा, तिने सांगितलं, वडलांच्या नावासकट. त्याने लिहिलं. साजिदातला ‘जि’ त्याने दीर्घ केला होता. तिने तो ऱ्हस्व करायला लावला. साजिदा मोहिद्दीन इनामदार. मग त्याने बटण दाबलं आणि फोटो स्क्रीनभर पसरला.

आता ट्रॅकिंग काढून टाकू का, त्याने हळूच विचारलं. रोज ते आकडे बघून उगाच त्रास होईल.

“असू द्या,” साजिदा म्हणाली. “थांबणारेही त्यातच दिसतील ना?”