अण्णांची फिल्म

इरावतीने स्मृती गेलेल्या अण्णांच्या कानामागची चिप सुरू केली. ती एकदाच भरता येत होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की फिल्ममध्ये असेल तेवढंच यापुढे त्यांना आठवेल. अण्णांच्या आयुष्यावरची ती फिल्म इरावतीने दोन वर्षं खपून बनवली होती.

अण्णांनी डोळे उघडले आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"ही माझी बायको, शालन," ते हसून म्हणाले. "आणि हा आमचा सुहास. सतारीचा भोपळा कापताना यानं बोट कापून घेतलं होतं."

इरावती पुढे झाली. "आणि मी, अण्णा?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच खुर्ची मागे सरकवली. "तुम्ही कोण? घरात कशा आलात?"

तिला फिल्म आठवली. प्रत्येक दृश्यात ती कॅमेऱ्यामागे उभी होती. अण्णांना विचारलेले प्रश्नसुद्धा, मध्ये आपला आवाज नको म्हणून, तिने एकूण एक काढून टाकले होते.

"अण्णा, मी इरा. तुमची मुलगी."

"आम्हाला एकच मुलगा," अण्णा दाराकडे सरकत, घाबऱ्या आवाजात म्हणाले. "मला फसवू नका बाई. आता मला सगळं नीट आठवतंय."