नोलीनने निवडलेला ब्रेक

तिसरा बार उडाला आणि हेमीच्या डोक्यावरची टोपी मागे जाऊन पडली.

क्लाइव्हने घट्ट मिटलेले डोळे उघडले, कानांवरची झाकणं उतरवली आणि खांदा चाचपला. दुखला नव्हता. मागच्या हिवाळ्यात त्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एकतर रायफलचा धक्का कमी कर, नाहीतर शिकार बंद. 'बंद' शब्द ऐकल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे नोलीन उभी राहिली. सव्वीस वर्षं दर एप्रिलला, तिथली थंडी सुरू होताना, नवराबायको जोडीनं डोंगरावर जात. नर हरणं ओरडायला लागली की ती त्याच्या शेजारी गवतात पालथी पडून दुर्बिणीतून अंतर सांगायची. शिकार बंद, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा रायफलच्या नळीला धक्का कमी करणारा ब्रेक बसवलेला बरा, म्हणून तो तिला घेऊन हेमीच्या दुकानामागच्या चांदमारीवर आला होता.

"डोळे झाकून हा घे," हेमी टोपी झटकत म्हणाला. फेअरली गावातल्या निम्म्या रायफली त्याच्याच हातून दुरुस्त झालेल्या. नळीच्या टोकाला बसवलेल्या बोटभर पोलादी तुकड्यावर त्यानं टिचकी मारली. "या भोकांतून सगळा जोर बाजूला जातो. धक्का निम्म्यावर येतो. फक्त आवाजही बाजूलाच जातो. शेजारी जो असेल त्याचे कान गेलेच समज."

"मग नको," क्लाइव्ह म्हणाला. "शेजारी ही असते."

"मग सायलेन्सर लाव. धक्का कमी, आवाजही कमी. हल्ली सगळे तोच नेतात."

"हां, तोच दे."

"काही नको!" नोलीन मध्येच कडाडली. "हातभर लांब ते धूड. झुडपात अडकेल. हाच ब्रेक घे."

"अगं, पण तुझे कान..."

"मी कुठे येणार आहे आता? राहीन घरी. तुझ्या खांद्यापुढे माझं काय एवढं!" चेहरा दुःखी ठेवायचा तिनं कसून प्रयत्न केला, पण गाल ऐकेनात.

क्लाइव्ह तिच्याकडे वळला. "नोलीन, तू हसतेयस."

"छे."

"खरं सांग."

तिनं गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली.

"सव्वीस वर्षं, क्लाइव्ह! सव्वीस वर्षं त्या ओल्या गवतात पोटावर पडलेय मी. वरून पाऊस, खालून काटे. रात्रभर तुझं घोरणं आणि सकाळी तुझ्या हातची करपलेली लापशी. तुला आवडतं म्हणून आले. नाहीतर कोण जातंय मरायला!"

"मला आवडतं?" क्लाइव्हचा आवाज चिरकला. "पहिल्या वर्षी 'काय सुंदर जागा आहे' असं कोण म्हणालं होतं?"

"लग्नाला महिना झाला होता रे! 'मेले गारठून' म्हणू?"

"आणि मी इकडे तुझ्यासाठी दरवर्षी रजा टाकतोय! मला तर हरणाचं मटणसुद्धा पचत नाही. डॉक्टरीणबाई 'बंद' म्हणाल्या ना, तेव्हा त्यांना मिठीच मारणार होतो. म्हटलं, पण तुझं कसं होणार?"

मग नोलीनला हसू फुटलं, इतकं की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. क्लाइव्हही हसला. हसता हसता खांदा दुखला, तरी हसला.

"मग ब्रेक गुंडाळू का?" हेमीनं विचारलं.

"गप रे!" दोघं एकदम ओरडली.

हेमी रायफल उचलून निमूट आत गेला. नोलीन डोळे पुसत नवऱ्याशेजारी बाकावर टेकली. मग, आजच ओळख झाल्यासारखं तिनं विचारलं, "बरं, मग तुला आवडतं तरी काय रे?"