खिडक्यांची बाजू

चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ इंदिराबाईंच्या कुंपणाला जवळजवळ चिकटून गेली होती. रेघेवर उभ्या असलेल्या संयम बिल्डरने हात वर केला.

"इथून सरळ वर. सात मजले."

इंदिराबाईंनी वर पाहिलं. वर नुसतं ऊन होतं आणि एक घार.

नकाशा मंजूर करण्याआधी जागा पाहायला महापालिकेच्या नगररचना विभागातून मोनाली मॅडम आल्या होत्या. देवपुरातल्या त्या गल्लीने इमारतीला हरकत घेतली होती. अर्जावर पहिली सही इंदिराबाईंची होती. गल्लीत वयाने मोठ्या त्याच, म्हणून शेजारच्या भूपेंद्रने ती आधी घेतली होती.

"पाण्याचं आणि गाड्यांचं मी वेगळं पाहते," मॅडम म्हणाल्या. "राहिली डोकावण्याची हरकत."

"तीच मोठी आहे, मॅडम," भूपेंद्र पुढे झाला. "अक्का एकट्या राहतात. सात मजल्यांवरून बठ्ठे लोक अक्कांच्या अंगणात पाहतील. काय वाळत घातलंय, कोण आलं, कोण गेलं."

"त्याची सोय केली ना, भाऊ," संयम म्हणाला. "या बाजूला बंद भिंत. खालपासून वरपर्यंत एक खिडकी नाही. अक्का, आता तुमच्याकडे चिटपाखरूसुद्धा बघणार नाही."

भूपेंद्रने गल्लीतल्या बाकीच्यांकडे वळून पाहिलं. आपलं काम झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"एकही नाही?" इंदिराबाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"स्वयंपाकघराचीसुद्धा?"

"स्वयंपाकघरं पलीकडे नेली, अक्का. तुम्हाला वास नको, धूर नको. नाहीतर मिरच्या भाजायच्या यांनी आणि ठसका लागायचा तुम्हाला!"

सगळे हसले.

"किती वर्षं झाली," इंदिराबाई म्हणाल्या, "मला कोणाच्या मिरचीचा ठसका लागून."

हसणं थांबलं.

इंदिराबाई त्या पांढऱ्या रेघेकडेच पाहत होत्या. पूर्वी तिथेच शेजारच्या पुष्पाबाईंची खिडकी होती. मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला, घर विकलं, पाडलं, खिडकीची चौकट ट्रकमधून गेली. त्याआधी रोज त्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा, हातात वाटी असायची. "अक्का, जराखं इरजन शे का?" वाटी विरजण घेऊन आत जायची आणि संध्याकाळी भरताने भरून परत यायची. रिकामी वाटी दोघींपैकी कोणी कधी परत केली नाही.

"मॅडम, भिंत बंद नको," इंदिराबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरं माझ्या बाजूला करा. हात बाहेर काढता येईल, एवढ्या खिडक्या ठेवा."

"अक्का!" भूपेंद्र ओरडलाच. "तुम्हाला पुढे करून आम्ही भांडतोय आणि तुम्हीच पार्टी बदलली?"

"सही मी केली, भूपेंद्र. नाही म्हणत नाही. तू म्हणालास लोक डोकावतील. मग घरी जाऊन बसले, म्हटलं, डोकावलं तर त्यांना दिसेल काय? मी तांदूळ निवडताना दिसेन. दिसू दे की." त्यांनी आपल्या दाराकडे पाहिलं. "आणि एखाद्या दिवशी दिसले नाही, तर कोणाच्या तरी ध्यानात येईल."

भूपेंद्रने खिशातला मोबाइल काढला आणि न पाहताच परत ठेवला.

मॅडमनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. "आजी, खिडक्या ठेवल्या तर इमारत बरीच मागे घ्यावी लागेल. उजेडाला, वाऱ्याला जागा सोडावी लागते. इतकी जवळ फक्त बंद भिंतच येऊ शकते."

"मागे म्हणजे माझ्या खोल्या लहान होणार," संयम म्हणाला.

"बंद भिंत यांच्या हरकतीमुळे आली. आता याच नको म्हणतात. तुम्ही सुधारून आणा, मी खिडक्या मंजूर करते."

संयमने मोजणीच्या टेपचं टोक उचललं आणि तो मागे मागे चालत गेला. टेप इंदिराबाईंच्या कुंपणापासून लांबत गेली. मॅडम नकाशा गुंडाळून टेपबरोबर चालत गेल्या. विटांच्या ढिगाजवळ त्यांनी हात केला, तेव्हा तो थांबला. चपलेने त्याने मातीत आडवी रेघ ओढली.

"हे बघा अक्का, इथे येईल खिडकी!" त्याला आवाज चढवावा लागला. "इथून पोचेल का हात तुमचा? सांगा!"

इंदिराबाई दोन्ही रेघांमधल्या मोकळ्या जमिनीकडे पाहत राहिल्या. त्यात वाळलेलं गवत होतं, फुटक्या कौलांचे तुकडे होते.

"हात नाही पोचायचा," त्या म्हणाल्या.

"मग? बंद भिंतच बरी ना?"

त्या सावकाश आपल्या ओट्यावर चढल्या, तोल सावरायला एका हाताने खांब धरला. दुसरा हात तोंडाजवळ नेला आणि विटांच्या ढिगाच्या दिशेने हाक मारली.

"काय भाजी शे आज?"

संयम टेपचं टोक हातात धरून उभा होता. त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली, मातीतल्या रेघेवर येऊन उभ्या राहिल्या आणि इतका वेळची ऑफिसातली मराठी सोडून अक्कांच्याच बोलीत ओरडल्या,

"मिरचीना ठेचा शे, अक्का!"

इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. ठसका लागल्यासारखा.