मळका प्लग

साहेबांनी पडलेल्या विमानाच्या इंजिनाचे प्लग मागितले आणि गुंडू मेस्त्रीने ट्रे आणून टेबलावर ठेवला. आठही प्लग ओळीने मांडलेले, नव्यासारखे लख्ख. साहेबांनी एक उचलला, खिडकीकडे धरून आत डोकावून पाहिलं आणि परत ठेवला.

ते मुंबईहून चौकशीला आले होते. गेल्या आठवड्यात उसावरच्या पाकोळी किडीला औषध फवारणारं छोटं विमान वारणेकाठच्या एका शेतात कोसळलं आणि पायलट हिंदुराव जागच्या जागी गेला. कोसळलं तेही त्याच्याच गावात. आईला हात दाखवायला म्हणून घरावरून खाली आला आणि उसात घुसला, असं गावाने ठरवूनही टाकलं होतं. असलं ठरवायला गावाला वेळ लागत नाही.

हिंदुरावचा बाप, पिराजीआबा, विमानं दुरुस्त करायच्या त्या शेडच्या दाराशी उभा होता. कुणी बोलावलं नसताना सकाळच्या एसटीने आला होता. पोराची चूक नव्हती, एवढं साहेबांच्या तोंडून ऐकायचं आणि गावात जाऊन सांगायचं, याच्यापलीकडे त्याला काही नको होतं. लख्ख प्लग दिसले तसा तो पुढे आला.

"बघा सायेब, कसं चांदीवानी हाय! आसल्या बाबतीत माझं पोरगं लई कडक. इंजनाला घाण लागू द्यायचं न्हाय."

गुंडूला तिथून पळून जावंसं वाटलं.

"हे साफ कुणी केले?" साहेबांनी विचारलं.

"मी. इंजन उसातनं ट्रॉलीत घालून आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाकी समदं चेपलंय, प्लग तेवढं बरं हुतं. इंजन का बंद पडलं त्ये बघाय म्हणून काढलं. शिसं भरलतं, सायेब. पेट्रोलातलं शिसं. गच्च! ठिणगी पडाय जागाच न्हवती. इंजन हवेतच गप झालं. त्यो हौसंनं खाली आला न्हाय, त्याला यावं लागलं."

"मग तसेच का नाही ठेवले?"

याचं उत्तर गुंडूकडे होतं, पण साहेबाला सांगण्याजोगं नव्हतं. मळका प्लग साफ केल्याशिवाय हातातून खाली ठेवायचा नाही, हा या शेडमधला नियम त्यानेच पाडलेला, आणि त्यावरून त्याने भल्याभल्यांना झापलं होतं. त्या दिवशी डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि हात आपले कामाला लागले. दाभणाने टोकरून शिशाची कणी न कणी काढली, प्लग धुतले, पुसले. शेवटचा प्लग पुसून ट्रेमध्ये ठेवला तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"सवय, सायेब," एवढंच तो म्हणाला.

"आणि उडायच्या आधी? तेव्हा साफ केले नव्हते?"

"शनवारी केलतं की. पर ह्ये नवीन पेट्रोल आल्यापास्नं लगोलग भरतंय. मी रोज बघाय पायजे हुतं. माझी चूक लिवा सायेब, सही करतो."

"काढलेलं शिसं कुठंय?" साहेबांनी एकदम मान वर करून विचारलं. खरं सांगायचं तर त्यांनाही काहीतरी सापडायला हवं होतं.

गुंडूने फळीवरून डालड्याचा डबा काढून आणला. डबा अर्ध्याच्या वर भरलेला, करड्या करड्या बारीक खड्यांनी. सालभर जी जी विमानं या शेडमध्ये आली, त्या सगळ्यांचं शिसं त्यातच पडत आलं होतं.

"यातलं त्याचं कोणतं?"

गुंडूने डब्यात बोट घालून ढवळलं. सगळे खडे एकसारखे.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मेस्त्री, गेलेल्या माणसासाठी लोक वाटेल ते अंगावर घेतात. मी खूप पाहिलेत. मला समोर दिसतं तेवढंच लिहिता येतं. प्लग साफ आहेत. इंजिनात दोष आढळला नाही."

"दोष न्हाय?" आबाचा चेहरा उजळला. "म्हणलं न्हवतं मी..." आणि तो मधेच थांबला. इंजिनात दोष नाही म्हटल्यावर दोष कुणाच्या वाट्याला राहिला, हे कळायला त्याला शाळेत जावं लागलं नव्हतं.

साहेबांची जीप निघून गेली. शेडमध्ये दोघेच उरले.

"आबा, पायताणानं मारा मला," गुंडू म्हणाला. त्याला रडू आवरेना. "माझ्याच हातानं घालवलं समदं."

आबाने त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. तो टेबलाजवळ गेला आणि ट्रेमधला एक प्लग उचलून बघत बसला.

"त्याची आई दार लावून बसलीया," तो म्हणाला. "बाया पाण्याला जाताना मोठ्यानं बोलत्यात, तिला ऐकू जावं म्हणून. तिला जाऊन काय सांगू आता?"

आबाने प्लग गुंडूपुढे धरला.

"मेस्त्री, ह्ये परत भरता येत न्हाय व्हय?"

गुंडूने नाही म्हणून मान हलवली. पण आबाने डबा पुढे ओढून घेतला. चिमूटभर शिसं घेऊन ते प्लगात घातलं, अंगठ्याने नीट दाबलं आणि प्लग हळूच उलटा केला. सगळे खडे तळहातावर पडले.

"ऱ्हात न्हाय ओ," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा चिमूट भरली.