हिरवं नाव

गेल्या सहा वर्षांत कॉलेजातून एकाही मुलाने अचानक शिक्षण सोडलं नव्हतं. कोण सोडणार ते ऑफिसातलं यंत्र तीन आठवडे आधीच सांगायचं, नाव लाल व्हायचं आणि कोणीतरी त्याच्या घरी जाऊन थडकायचं. म्हणून छाया ढोबळेचे वडील तिचा दाखला मागायला आले, तेव्हा तिच्या वर्गाच्या वसुधा मॅडमना खरंच वाटेना. यंत्रावर छायाचं नाव हिरवंगार होतं.

"या यंत्राला काय धाड भरली?" त्या घुले क्लार्कवर खेकसल्या.

"मॅडम, ते हजेरी बघतं. छायाची हजेरी पूर्ण आहे."

आई अंथरुणाला खिळल्यापासून छाया महिनाभर कॉलेजात फिरकली नव्हती. पोरीला परीक्षेला बसू देणार नाहीत, या काळजीपोटी रोज तिची हजेरी लावली होती ती वसुधा मॅडमनीच.

त्या यंत्रासमोर बसल्या आणि एकेक दिवस खोडून 'गैरहजर' लिहू लागल्या. दुरुस्ती कोणाची, असं यंत्राने दर वेळी विचारलं. दर वेळी त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

"मॅडम, चौकशी लागेल तुमच्यामागे," घुले कुजबुजले.

"लागू दे."

छायाचं नाव लाल झालं. तरी मॅडम उठल्या नाहीत. अशीच हजेरी त्यांनी आणखी चौघांची लावली होती. तीही नावं लाल झाल्यावर त्यांनी पर्स उचलली.

"दाखला मिळणार नाही," त्या छायाच्या वडिलांना म्हणाल्या. "गाडी काढा. आधी तुमच्याकडे जाऊ, मग या चौघांकडे."