लोखंडाने ऐकलेली हाक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की ओतलेलं लोखंड थंड होताना जो पहिला आवाज ऐकतं, तो कधीच विसरत नाही. आणि तो आवाज ऐकवणारं यंत्रही निघालं आहे.

कोल्हापुरात, बापू निकमांच्या फाउंड्रीच्या दारात, त्यांची नात केतकी त्यांचा सदरा घट्ट धरून उभी होती. इंजिन मूळचं निघालं तर बापूंची जुनी निळी मोटार संग्रहालयात जाणार होती, नाहीतर भंगारात. बापूंनी सकाळीच बॉनेटवर झेंडूचा हार घातला होता.

संग्रहालयाच्या शिरगावकरबाईंनी यंत्राचं टोक इंजिनाला टेकवलं. मोटारीच्या कारखान्याचा भोंगा ऐकू यायला हवा होता. त्याऐवजी यंत्रातून एक बाई कडाडली, "अहो, लोखंड होईल गार! आधी भाकरी गार व्हायला लागलीय, ती खा!"

बापूंनी इंजिनावर हात ठेवला. "आई! म्हणजे आबांनी, माझ्या वडिलांनी, हे इंजिन इथंच ओतलं होतं, आणि मला पत्ताच नाही!"

"मग संग्रहालयाच्या लेखी याला काही किंमत नाही हो," शिरगावकरबाई हळूच म्हणाल्या. "भंगारात..."

"आईला भंगारात घालू?" बापूंनी डोळे पुसले. "मोटार इथंच राहील, माझ्या दारात."

"बापू, माझा आवाज कशात आहे?" केतकीने विचारलं.

"तुझा? अजून कशातच नाही गं."

केतकीने मोटारीची मोडकी लोखंडी पुली उचलली, भट्टीपाशी नेऊन ठेवली आणि घसा खाकरून सराव सुरू केला, "बापू, जेवायला चला!"