यादीत उपलब्ध

सर्पदंशावरच्या लशीचा एकच डबा तालुक्यातल्या तीन आरोग्य केंद्रांची अब्रू राखून होता. तपासणीचे साहेब एका केंद्रातून निघाले, की डबा आडवाटेनं जीपमधून त्यांच्याआधी पुढच्या केंद्रात पोचायचा. ही युक्ती औषधं सांभाळणाऱ्या बनसोड्यांचीच.

त्या दिवशी बनसोड्यांच्या केंद्रातलं कपाट तपासून झालं, डबा पुढे गेला, आणि एक बाई साप चावलेल्या नवऱ्याला घेऊन आली. "भाऊ, भिंतीवरच्या यादीत तर 'उपलब्ध' लिवलंय."

बनसोड्यांनी पुढच्या केंद्राला फोन लावून डबा परत मागितला. तिकडून उत्तर आलं, "पाठवतो की. पण साहेब जेवतायत, कपाट मग बघणार." मागून साहेबांचा आवाज आला, "थोडं दही आहे का?"

संध्याकाळी डबा परत आला. बाईनं तोवर नवऱ्याचं तोंड पदरानं झाकलं होतं. बनसोड्यांनी सवयीनं कुप्या मोजल्या. दहाच्या दहा होत्या. भिंतीवरची यादी पुन्हा खरी झाली होती.